न पाहिलेला आड

कथकमध्ये विहीर उभी करायला काही सामान लागत नाही. दोन हात, एक कंबर आणि बघणाऱ्यांची थोडी मेहेरबानी, एवढ्यावर भागतं. रंगमंच मोकळा असतो, तबला चालू असतो, आणि नाचणारी बाई हवेतून दोर ओढते, घागर भरते, चुंबळीवर ठेवते आणि निघून जाते. याला पनघटाची गत म्हणतात. कथक शिकलेल्या प्रत्येक मुलीने ती कधी ना कधी केलेली असते, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं खरं तर काही नाही. तरीही माझ्या कार्यक्रमानंतर कुणीतरी मागे येऊन विचारतंच, "ते विहिरीत वाकून बघणं तुम्ही कुणाकडून उचललंत?" एकदा पुण्यात एका जाणकार गृहस्थांनी माझ्या नजरेवरून माझं घराणं ओळखायचा चंगच बांधला. आधी लखनौ म्हणाले, मग जयपूर म्हणाले, मग बनारसवर आले. मला सपाटून भूक लागली होती. मी म्हणाले, "भवानीनगर." ते म्हणाले, "असं? हे ऐकलं नाही कधी." मी म्हटलं, "ऐकाल."

तर आता सांगूनच टाकते.

भवानीनगर म्हणजे इंदापूर तालुक्यातली साखर कारखान्याची वसाहत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचे. हंगाम सुरू झाला की आमच्या घरच्या घड्याळाला सुट्टी मिळायची. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं आणि वाळत घातलेल्या गणवेशावर पडलेली काळी राख झटकून शाळेत जायचं. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा, आणि त्यात माझ्या चपला असायच्याच. एकदा तिथं मी एका बाईंना गरगर फिरून खटकन थांबताना बघितलं. ही पडत का नाही? हा एकच प्रश्न मी घरात इतके दिवस विचारत राहिले की माझी आई, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि दिवसभर असलेच प्रश्न ऐकून घरी यायची, शेवटी वैतागून म्हणाली, "हिला कुठंतरी घाला बाई, नाहीतर आपणच चक्कर येऊन पडू."

ते "कुठंतरी" बारामतीत सापडलं. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात इंजिनियर असलेल्या गृहस्थांच्या पत्नी कथक शिकवायच्या. त्या मूळच्या पुण्याच्या. लग्नाआधी त्यांचे कार्यक्रम होत असत. लग्न होऊन बारामतीत आल्या, काही दिवस खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत बसल्या, आणि मग एक दिवस हॉलमधला सोफा बाल्कनीत ढकलून त्यांनी क्लास काढला. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. दर रविवारी अण्णा मला स्कूटरवरून न्यायचे. पिंपळीच्या आसपास उसाच्या बैलगाड्यांमागे अडकलो की मी त्यांच्या पाठीवर बोटांनी तीनताल वाजवायचे. अण्णा म्हणायचे, "पाठीलाच घुंगरू बांध की."

पहिल्या रविवारी छोटीशी बोलणी झाली. छप्पन सालानंतर आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी गावातल्या इतरांबरोबर धम्म घेतला तेव्हा देव्हारा गेला तो गेलाच, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. इथं तर क्लास सुरू होताना सगळ्या मुली हात जोडून खाली वाकत होत्या. अण्णांनी दारातूनच विचारलं, "ताई, हा नमस्कार कुणाला करतात?" ताई म्हणाल्या, "जमिनीला. आता तासभर तिच्यावर पाय आपटायचे ना, म्हणून आधी माफी मागून घ्यायची." अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "जमिनीला चालंल." टीव्हीवर एक पितळी नटराजही होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने अण्णांकडे बघितलं, आणि दोघांनीही विषय वाढवला नाही.

घरात आणखी एक माणूस होतं, माझी आजी, अण्णांची आई. आजोबा गेल्यावर ती गाव सोडून आमच्याकडे आली होती. स्वयंपाकघरात चोवीस तास नळ असूनही ती रोज सकाळी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची. फुलपात्रंसुद्धा सुटायची नाहीत. आणि तिचा एक कडक कायदा होता. तिचं पाणी तिनंच घ्यायचं. जेवताना तांब्या उचलून कुणी तिच्या पेल्यात ओतायला गेलं की ती पेला चटकन बाजूला घ्यायची. "मला हात हायत," म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. आई कानकोंडी व्हायची, आणि आम्ही पोरं मुद्दाम तांब्या घेऊन तिच्या मागे लागायचो. आम्हाला ती म्हातारीची लहर वाटायची.

दोनेक वर्षं पाय आपटून झाल्यावर ताईंनी पनघट शिकवायला घेतला. पण सरळ शिकवतील तर त्या ताई कसल्या. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी प्रत्येकीनं घरून पाणी आणायचं. आजीला विचारा, आत्याला विचारा. पूर्वी विहिरीवरून पाणी कसं आणायच्या ते बघून या आणि मला करून दाखवा. टीव्हीवरचं पाणी मला नकोय."

मी घरी येऊन आजीपुढे बसले. ती ज्वारी निवडत होती.

"आजी, तू गावात पाणी कसं आणायचीस? करून दाखव."

"कशापायी?"

"नाचात पाहिजे."

"पाणी आणायचं नाचात?" ती इतकी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. पण उठली. कमरेवरची नसलेली घागर तिनं खाली ठेवली. मग ती तशीच मागे सरकली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, उकिडवी बसली, हनुवटी तळव्यावर टेकवली आणि बसूनच राहिली. मला वाटलं दमली.

"पुढं काय?"

"हेच की. थांबायचं."

मग कुणीतरी आल्यासारखी ती लगबगीनं उभी राहिली. मान जरा मागे घेऊन वरून पडणाऱ्या धारेकडे बघत राहिली. मग पुढे झाली, घागर उचलली आणि चालू लागली. मी सगळं पाठ केलं. हनुवटी, पदर, मागे घेतलेली मान, सगळं. मला नक्कल चांगली जमायची आणि त्याची मला घमेंडही होती.

रविवारी एकेक मुलगी पाणी काढत होती. कुणाचा दोर तुटत होता, कुणाची घागर निसटत होती, एकीनं तर विहिरीत पडून दाखवलं. माझी पाळी आली. मी आजीचं जसंच्या तसं केलं. उकिडवी बसून थांबले तशी मागे खुसखुस सुरू झाली. घागर उचलून मी वळले तेव्हा सगळ्या मोकळेपणानं हसत होत्या.

"अगं, ही तर सार्वजनिक नळावरची रांग झाली!" ताईही हसत होत्या. "तुझी विहीर कुठाय?"

मी लांब भिंतीपाशी बोट दाखवलं.

"आणि तू इतकी लांब का?"

"असंच असतं."

"मग पाणी काढतं कोण?"

"कुणीतरी येतं आणि घालतं."

"कोण येतं?"

दिवसभर सगळ्यांचं डोकं खाणारी मी, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ताई म्हणाल्या, "हरकत नाही. तुम्ही नळावरच्या मुली, तुम्हाला कुठून माहीत असणार." परत येताना मी अण्णांच्या पाठीवर तीनताल वाजवला नाही. माझ्या आजीला खोटं ठरवलं होतं, असं मला वाटत होतं, आणि मी रागानं नुसती फुरफुरत होते.

घरी आल्या आल्या मी आजीला धारेवर धरलं. "तू मला चुकीचं दाखवलंस. सगळ्या हसल्या मला. विहिरीवर दोर ओढायचा असतो."

"दोर असंल त्यांनी वडायचा."

"तुझ्याकडं नव्हता?"

आजीनं अण्णांकडे बघितलं. अण्णा बूट काढत होते, ते काढतच राहिले.

"आपल्याला आडाला शिवायचं न्हवतं," आजी म्हणाली. गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला ती आड म्हणायची. "घागर लांब ठिवायची आन 'पाणी वाढा वं माय' म्हणायचं. आली कुनाला दया तर वरनं वतायची. न्हाय आली तर बसायचं. सासू वरडायची त्ये येगळंच."

ती हे ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगत होती. माझी मात्र कानशिलं तापली. शाळेत हे सगळं पुस्तकात होतं, मी त्यावर निबंधही लिहिला होता, पण पुस्तकातली माणसं आपल्या स्वयंपाकघरात फुलपात्रं भरून ठेवत असतील असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या पेल्यात पाणी ओतायला तिच्या मागे मागे फिरणारे आमचे तांबे मला आठवले आणि मला तिथंच रडू फुटलं. आजीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "रडतीस काय, तुजी घागर कुठं सांडली?" म्हणाली.

रडून झाल्यावर माझी मूळची खोड परत आली. आड केवढा होता? किती खोल? आत कासव होतं का? पायऱ्या होत्या का?

"मला काय म्हाईत?"

"म्हणजे?"

"कठड्याजवळ जायाचं न्हाय, तर आत कुठनं बघनार?"

ज्याचं पाणी ती वर्षानुवर्षं प्यायली त्या आडात ती कधी डोकावलीच नव्हती. पुढे शेतातल्या विहिरी बघितल्या, त्यांच्यात उतरून गाळसुद्धा काढला. पण तो गावातला आड, तो नाही. मग वस्तीत हापसा बसला, आडावर जायचं कारणच उरलं नाही, आणि मग गावच सुटलं.

"पर मी वळखायची," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात माझ्यासारखंच काहीतरी आलं. "पोहरा पाण्यावर आपटला की आवाज यायचा. पावसाळ्यात जवळनं यायचा. उन्हाळ्यात लई लांबनं, खालनं. मी बसल्या बसल्या अंदाज बांधायची, आज कितपत हाय पाणी. मला लई वाटायचं, एकदा बघावं, आत कसं दिसतंय."

मला तोवर वाटायचं, घरात चौकस फक्त मीच आहे.

पुढच्या रविवारी मी क्लासच्या दारातच सगळ्यांसमोर हे सांगितलं, ओरडूनच सांगितलं म्हणा ना. कुणी हसलं नाही. ताई गालिच्यावर खाली बसल्या आणि बराच वेळ घुंगरांची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. त्या दिवशी क्लास झाला नाही. आम्हाला सरबत मिळालं.

त्या उन्हाळ्यात ताईंच्या विद्यार्थिनींचा बारामतीत पहिला जाहीर कार्यक्रम ठरला आणि पनघट मला मिळाला. ताई मुद्दाम भवानीनगरला आमच्या घरी आल्या. आजीसमोर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचं ते थांबणं आपण नाचात घेऊ या. इतक्या वर्षांत कुणी पनघटात हे दाखवलं नसेल. लोकांना कळू दे."

अण्णांना ते एकदम पटलं. मलाही पटलं. सगळे हसले होते ना, आता रडा म्हणावं. मी मनातल्या मनात हनुवटी तळव्यावर टेकवूनही घेतली.

आजीनं ताईंना चहा दिला. मग म्हणाली, "ताई, तुमी चांगल्या मनानं म्हणताय. पर न्हाय. मी थांबले ती थांबले. आता पोरीला कशापायी बशीवताय?"

"अगं, लोकांना कळाया नको का आई?" अण्णा म्हणाले.

"तू सांग की भाषणात. तुला येतंय." मग ती माझ्याकडे वळली. "तू शेंद. दोर धरून शेंद. आन त्याच्याआधी आत बघ. बिगीबिगी न्हाय. नीट बघायचं. मला हितनं दिसलं पायजे आत काय हाय ते."

असा गृहपाठ मला कुणीच दिला नव्हता. पोहरा सोडायचा, पाणी शेंदायचं, घागर भरायची, हे सगळं ताईंनी हात धरून शिकवलं असतं. पण जे आजीनं बघितलं नव्हतं, मी बघितलं नव्हतं, ते समोर बसलेल्या आजीला दिसायला हवं होतं. मी अण्णांच्या मागे भुणभुण लावली की आपण गावाला जाऊन तो आडच बघून येऊ. मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गावाला गेलो.

आड होता. पण नळयोजना आल्यावर ग्रामपंचायतीनं त्याच्यावर स्लॅब टाकला होता, पोरंबाळं पडू नयेत म्हणून. चांगला गुळगुळीत, चौकोनी स्लॅब, आणि त्यावर गावातली म्हातारी मंडळी पान खात बसलेली. अण्णांना ओळखून सगळ्यांनी रामराम, जयभीम केला. कारखान्याचं काय चाललंय ते विचारलं. एक आबा आजीला बघून सरकले. "बसा की वयनी. उन्हाचं आलाय."

आजी बसली. आधी टोकाला टेकली, मग नीट मांडी घालून बसली. तिनं हाताखालचं सिमेंट चाचपलं. मी स्लॅबभोवती फिरून कुठं भोक, कुठं चीर दिसते का ते शोधत होते. काही नव्हतं. चहा आला, सगळ्यांना एकसारख्या कपात आला. आजी त्या आडावर बसून चहा प्यायली, आणि जिथं शिवायचं नव्हतं तिथं ती पसरून बसली होती, पण आत बघायची सोय राहिली नव्हती. मला त्या स्लॅबचा इतका संताप आला की मी त्याला लाथ मारली आणि माझाच अंगठा सोलवटला.

"ऱ्हाऊ दे," आजी एसटीत म्हणाली. "बंद हाय तर हाय."

मग मी हाती लागेल त्या विहिरीत डोकवायचा सपाटा लावला. पिंपळीजवळ अण्णांच्या ओळखीच्या एका बागायतदाराची मोठी विहीर होती. मी काठावर पालथी पडायचे आणि अण्णा मागून माझा फ्रॉक घट्ट धरून ठेवायचे. आधी काहीच दिसायचं नाही, नुसता अंधार आणि तोंडावर येणारा गारवा. मग हळूहळू दगड दिसायचे, दगडांतून उगवलेली नेच्याची पानं, पारव्यांची घाण, आणि मग एकदम, पाणी. पाण्यात आभाळ, आणि आभाळात माझं डोकं. मी घरी येऊन आजीला सगळं सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ती शेताची हिर. आड येगळा." तिचं समाधान करणं सोपं नव्हतं.

ताई मला तेच वेगळ्या भाषेत शिकवत होत्या. "खाली बघू नकोस," त्या म्हणायच्या, "खाली जा. आधी नजर जाऊ दे. ती अर्ध्यात पोचली की मान जाईल, मान गेली की कंबर जाईल. पाणी लागेपर्यंत नजर थांबवायची नाही." पाणी लागलं की त्यात आपला चेहरा बघायचा, टिकली सरळ करायची, हसायचं आणि मग पोहरा सोडायचा, असं ठरलं होतं. विहिरीची जागाही ठरलेली होती, रंगमंचाच्या उजवीकडे, तबलेवाल्यांच्या समोर.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. आजीनं बुद्धपौर्णिमेला नेसायचं ते पांढरं लुगडं काढलं होतं. सभागृहात शिरल्यावर ती सरळ शेवटच्या रांगेकडे निघाली, पण एका कार्यकर्त्या बाईंनी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला बसवलं. मी हे पडद्याच्या फटीतून बघत होते. माझी विहीर उजवीकडे होती. आजी डावीकडे होती. उजवीकडच्या विहिरीत मी कितीही जीव तोडून बघितलं असतं तरी आजीला परत लांबूनच अंदाज बांधावा लागला असता. ताईंना सांगायला वेळ नव्हता, आणि सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. म्हणून मी सांगितलं नाही.

हार्मोनियमवर लहऱ्याची फिरती धून सुरू झाली. मी घुंगट घेतला, घागर कमरेवर घेतली, नेहमीच्या चालीनं निघाले आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे, अगदी रंगमंचाच्या काठापर्यंत चालत गेले. ताई बाजूला बसून बोल म्हणत होत्या. त्यांचा एक बोल अडखळला. तबलेवाल्या काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काठाशी घागर ठेवली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. पलीकडे, खाली, पहिल्या रांगेच्या टोकाला पांढरं लुगडं होतं.

मी आत बघितलं. आधी नजर गेली. अंधारच होता तिथं, दिव्यांच्या पलीकडचा सभागृहाचा खराखुरा अंधार. मी दगड शोधले, पानं शोधली, पारव्यांना उडवून लावलं. मान गेली, कंबर गेली. पाणी काही लागेना. मी घाबरले, कारण हे नाचातलं नव्हतं, खरंच लागत नव्हतं.

आणि आजी उठली.

ती शांतपणे खुर्चीवरून उठली आणि चालत रंगमंचापाशी आली. काठ तिच्या छातीला येत होता. तिनं दोन्ही हात काठावर ठेवले, मी ठेवले होते तसेच, आणि पुढे वाकून आत बघू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ आजी, बसा ना खाली." त्या कार्यकर्त्या बाई धावत आल्या, पण आजीच्या जवळ आल्यावर थांबल्या. आजीनं वर माझ्याकडे बघितलं नाही. ती आमच्या दोघींच्या मधल्या त्या दोन हात लाकडी फळ्यांकडे बघत होती, अगदी नीट, तिनंच मला सांगितलं होतं तसं.

मी टिकली सरळ केली नाही. हसलेही नाही. तीनतालाचं आवर्तन संपलं, पुन्हा सुरू झालं, ताईंचा आवाज चढला, तरी मी तशीच वाकून राहिले. तिचं बघून होईपर्यंत पोहरा सोडायचा नाही, एवढंच मला कळत होतं. मग तिनं हात काढले, पदर सारखा केला आणि जाऊन बसली. मी पोहरा सोडला आणि शेंदायला लागले.

विंगेत गेल्यावर ताईंनी मला दंडाला धरलं. "विहीर चालत कशी गेली?" त्यांना रागवायचं होतं, पण ते त्यांना जमलं नाही, आणि मला मिठीत घेऊन त्या रडल्या. पुढे मी पुण्याला गेले, विशारद झाले, मोठमोठ्या गुरूंपुढे नव्यानं पाय आपटले, लांबलांबच्या शहरांत नाचून आले आणि आता बारामतीतच क्लास चालवते. माझ्याही मुली रविवारी घरून पाणी आणतात, आणि मी कुणाच्याही पाण्याला चूक म्हणत नाही. पनघट करताना माझी विहीर मात्र नेहमी डावीकडे, काठाला असते. त्या जाणकार गृहस्थांना हेच सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी परत जाताना मी स्कूटरवर पुढे उभी होते, अण्णा चालवत होते आणि आजी मागे बसली होती. पिंपळी मागे पडली. मला राहवेना. अण्णांच्या हाताखालून मान वळवून मी विचारलं, "आजी, दिसलं का?"

"दिसलं की. लई खोल हुता गं."

"आत काय होतं?"

"पाणी," आजी म्हणाली. "आडात दुसरं काय असतंय?"